सांबरशिंग

होळी झाली की लोणावळ्याजवळच्या वलवणातली माणसं वारंवार डोंगराकडं बघायला लागतात. कुणाला करवंदांची घाई, कुणाला वणव्याची धास्ती, आणि धरणालगतच्या बागेत शनिवार-रविवारी गाड्या भरभरून येणाऱ्या पाहुण्यांना नुसत्या वाऱ्याची हौस. मी त्या दिवसांत रानात जातो तो गळून पडलेली शिंगं बघायला. हे ऐकून माणसं आधी हसतात, मग जरा पुढं सरकून, आवाज खाली आणून विचारतात, 'मिळतात का हो? केवढ्याला जातात?' पहिल्या प्रश्नाला मी उत्तर देतो. दुसरा आला की विषय बदलतो.

हा छंद मला शिकारकथा वाचून लागलेला नाही. तो सहाणेवरून लागला. आजीच्या बटव्यात वेखंड, जायफळ, हळकुंड, मुरडशेंग यांच्या गर्दीत बोटभर लांबीचा एक करडा तुकडा असायचा. ते सांबरशिंग. छातीत कफ दाटला, कुशीत चमक भरली, गालगुंड आले, की आजी सहाणेवर पाण्याचे चार थेंब टाकून तो तुकडा गोल गोल उगाळायची. ओल्या हाडाचा उग्र वास माजघरभर व्हायचा. पळीत कोमट केलेला तो पांढुरका लेप अंगावर चढला की वाळताना कातडी ओढली जाई आणि हलायची सोय नसे. वर्षानुवर्षं एकाच बाजूनं घासून घासून त्या तुकड्याला तिरकी, गुळगुळीत धार आली होती. दुसऱ्या बाजूला मात्र सालासकटच्या खरखरीत रेघा तशाच शाबूत. वैद्य मंडळी याच शिंगाचं पुटं देऊन शृंगभस्म करत, ते वेगळं. आमच्याकडं फक्त लेप. त्यानं बरं वाटायचं का, हे मला विचारू नका. आता छातीत दुखलं तर मी रिक्षा करून दवाखान्यात जातो.

पण 'हे येतं कुठून?' या प्रश्नाचं आजीचं उत्तर डोक्यात घर करून बसलं. ती म्हणायची, 'सांबर दरसाल आपणहून टाकतं. घाटाखालचा ठाकर वेचून आणायचा आणि तांदळावर देऊन जायचा.' एवढा मोठा प्राणी, एवढा मोठा डोलारा डोक्यावर मिरवतो आणि एका उन्हाळ्यात तो खाली टाकून चालू लागतो, हे मला तेव्हा खरंच वाटेना. गाय-म्हैस तर असं काही करत नाही.

गाय-म्हैस करत नाही याचं कारण त्यांचं शिंग वेगळ्या जातीचं. गाय, म्हैस, गवा, चौशिंगा यांच्या शिंगात आत हाडाचा खुंट आणि वर नखासारख्या द्रव्याची खोळ असते, ती जन्मभराची. सांबर, चितळ, भेकर यांचं शिंग मात्र आरपार हाड. ते बहुतेक जातींत फक्त नराला येतं, आणि उत्तरेकडच्या रेनडियरच्या माद्या सोडल्या तर माद्यांचं डोकं रिकामं. कपाळाच्या हाडावरच्या दोन खुंटांतून हे शिंग उगवतं तेव्हा त्यावर केसाळ, मखमली कातडी असते, तिच्यातून रक्त खेळतं, हात लावला तर गरम लागेल असं ते जिवंत असतं. वाढ पुरी झाली की रक्तपुरवठा आटतो, मखमल वाळते, आणि नर ती झाडांच्या खोडावर घासून उतरवतो. मग उरतं ते टणक, तपकिरी, मेलेलं हाड. माजाचा हंगाम त्याच्यावर निभतो. हंगाम सरला, अंगातलं नराचं संप्रेरक उतरलं की खुंट आणि शिंग यांच्यामधला हाडाचा पातळसा थर शरीर आतून विरघळवून टाकतं, आणि एक दिवस झुडपातून वाकून जाताना नाहीतर पाण्याला मान खाली घालताना शिंग सुटून पडतं. दोन्ही एकाच वेळी पडतील असं नाही. एकाच शिंगाचा नर मान किंचित कलती धरून दिवस दिवस हिंडतो. खुंटावर थोडं रक्त येतं, खपली धरते, आणि लगेच पुढच्या साली लागणाऱ्या शिंगाची तयारी सुरू होते. सस्तन प्राण्यांत अख्खा अवयव पुन्हा उगवण्याचं हे एवढं एकच उदाहरण.

आणि हे सगळं हाड येतं कुठून? झाडपाला खाऊन इतक्या थोड्या महिन्यांत एवढा चुना मिळत नाही. नर तो स्वतःच्या बरगड्यांतून उसना काढतो. शिंग वाढतं त्या काळात त्याच्या अंगातली हाडं खरोखर विरळ होतात आणि पुढं चरून चरून ती पुन्हा भरतात. हे वाचल्यापासून कुणाच्या दिवाणखान्यात टांगलेलं शिंग पाहिलं की मला आधी त्या जनावराच्या बरगड्या आठवतात.

तर सांबर आमच्या डोंगरात आहे का? मी पाहिलेलं नाही. म्हातारी माणसं राजमाचीच्या बाजूला सांबरं असल्याच्या गोष्टी सांगतात, आणि त्या गोष्टींतलं सांबर प्रत्येक सांगण्यात वीतभर वाढतं. सह्याद्रीत सांबर बघायचं तर भीमाशंकर गाठावं, नाहीतर खाली कोयना-चांदोलीला जावं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं 1948 साली छापलेलं एस. एच. प्रॅटर यांचं भारतीय प्राण्यांवरचं पुस्तक अजून माझ्या उशाशी असतं. त्यात सांबराची शिंगं बहुतांशी मार्चअखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत पडतात असं दिलंय. म्हणजे आपला फाल्गुन-चैत्र. पळस फुलून ओसरलेला, पांगारा लालभडक, कुसळी गवत वाळून पिवळं. सापडायला याहून सोयीचा काळ नाही. फक्त सांबर हवं.

आमच्या वाट्याला उरलंय ते भेकर. वलवण आणि शिरोता या दोन जलाशयांच्या वरची गच्च रानं, तुंगार्लीवरून राजमाचीकडं जाणारी वाट, कुण्याच्या अंगाला उतरणाऱ्या घळी, इथं ते आहे. दिसतं क्वचितच. संध्याकाळी करवंदीच्या जाळीतून कुत्र्यासारखं भुंकणं ऐकू येतं, शहरातून आलेला माणूस 'इथं कुत्रं कुणाचं?' म्हणून विचारतो, आणि सोबतचा गाववाला गप्प उभा राहून बिबट्याचा अंदाज घेत असतो. भेकराचं शिंग म्हणजे सांबराच्या थाटाची चेष्टाच. खुंट लांबलचक, केसांनी झाकलेला, कपाळावरून दोन कण्यांसारखा वर गेलेला. आणि त्याच्या टोकाला बोट-दीड बोट लांबीचं शिंग. बुडाशी एक बारकंसं फाटं, शेंड्याला आत वळलेला आकडा. नराला वरच्या जबड्यात सुळेही असतात आणि भांडणात शिंगापेक्षा सुळेच जास्त कामी येतात. शिंगं पडतात ती मे-जूनमध्ये, म्हणजे मृग लागायच्या आगेमागे.

आता विचार करा. गुडघाभर पाचोळा, करवंदीची काटेरी जाळी, आणि शोधायची वस्तू आपल्या बोटाएवढी, रंगानं वाळल्या काटकीची. वर पावसाची मुदत: एकदा मृगाची पहिली सर कोसळली की आठवड्यात जमीन हिरवी होते आणि मग शिंग काय, पडलेला माणूस सापडायचा नाही. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो काही शोधणाऱ्याची वाट बघत थांबत नाही.

पहिल्या पहिल्यांदा मी जमिनीवर डोळे खिळवून चालायचो आणि मान आखडून घरी यायचो. वाडीवरचे एक कातकरी दादा माझ्याबरोबर येत. ते सरपणाला निघालेले असत, मी शिंगाला. त्यांनी बराच काळ माझा तमाशा बघितला आणि मग एकदा म्हणाले, 'साहेब, भुईकडं बघू नका. जनावराच्या वाटंकडं बघा. ते कुठं वाकतंय ते बघा.' तेव्हा कुठं रान दिसायला लागलं. भेकराची वाट माणसाच्या वाटेपेक्षा निम्म्या उंचीची. जाळीच्या पोटातून गेलेला बोगदा असतो. कडेच्या काटेरी फांदीला तांबूस केस अडकलेले असतात. आडव्या पडलेल्या खोडावरून जिथं ते उडी टाकतं तिथं पलीकडं खुरांची खोल जोडी उमटलेली असते. पातळ खोडांवर साल सोललेली दिसते, ती शिंगं आणि सुळे घासल्याची खूण. ठरलेल्या जागी लेंड्यांचा ढीग असतो; भेकर एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतं. आणि उंबर, जांभूळ, आवळा यांची फळं पडतात त्या झाडांखाली ते येतंच. या वाटा सगळ्या शेवटी पाण्याला जाऊन मिळतात. एप्रिल-मेमध्ये घळीतले झरे आटून कुठंतरी एखादी ओल शिल्लक राहते, तिथं.

अशाच एका ओलीच्या वर, पिशाच्या झाडाखाली, मला ते पहिल्यांदा दिसलं. दादांना आधी दिसलं असणार. ते काही बोलले नाहीत, फक्त थांबले. मी वाकलो. एकच शिंग, डाव्या बाजूचं. वाळक्या शेवग्याच्या शेंगेच्या तुकड्यासारखं पानांत अर्धं गाडलेलं. अंगावर उभ्या बारीक पन्हाळी, त्यांत झाडाच्या सालीचा काळपट राप. शेंडा मात्र घासून हस्तिदंती झालेला. बुडाशी दाणेदार कडं, आणि कड्याच्या आत जो भाग खुंटाला चिकटलेला होता तो किंचित फुगीर, पांढरा, साखरेच्या कणांसारखा खरबरीत. हा फुगीर पांढरा भाग म्हणजे शिंग आपणहून पडल्याची साक्ष. मारलेल्या जनावराचं शिंग असतं तर कड्याखाली खुंट आणि कवटीचा तुकडा लागलेला असता.

आणि एका बाजूला दातांचे चर होते. जोडीजोडीनं, सारख्या अंतरावर, आडवे कोरलेले. बुडाकडचा चौथा हिस्सा कुणीतरी खाऊन टाकला होता. मी दादांकडं पाहिलं. 'सायाळ,' ते म्हणाले. मग जमिनीवरचा काळा-पांढरा काटा उचलून त्यांनी माझ्यापुढं धरला, जणू पावती.

सायाळ म्हणजे साळींदर. ते कंदमुळं खातं, साल खातं, आणि रात्री फिरताना हाड किंवा शिंग दिसलं की बसून कुरतडतं. काही हाडं तर ते बिळात ओढून नेऊन साठवतं. उंदीर-घुशीही शिंगं कुरतडतात, आणि हरणं स्वतःसुद्धा पडलेली शिंगं चघळताना जगभर पाहिली गेली आहेत. कारण एकच, चुना आणि फॉस्फरस. आमच्या डोंगरमाथ्यावरची तांबडी जांभ्याची माती दिसायला देखणी, पण हजारो वर्षांच्या पावसानं तिच्यातला चुना धुऊन खाली नेलेला. तिच्यावर उगवलेल्या पाल्यात तो कुठून भरपूर येणार? नर भेकरानं वर्षभर पाला चघळून, बरगड्या झिजवून जे हाड एका जागी गोळा केलं, ते सायाळीच्या दातांत गेलं, तिच्या पिलांच्या हाडांत गेलं, उरलेलं मुंग्या-वाळवीखालच्या मातीत. राजमाचीच्या रानात चुना विकायला कोणी दुकान मांडून बसलेलं नाही. हीच त्याची उलाढाल.

दादांनी शिंग उचललं नाही. मीही नाही. मी त्याच्या शेजारी माझं बोट ठेवून फोटो काढला आणि आम्ही निघालो. आता हे वाचून कुणाला मी फार साधू वाटेन, म्हणून सांगतो: खिशात घालावंसं मला नक्कीच वाटलं होतं. आजीची सहाण घरी अजून आहे.

शिंग वेचण्याचा खरा थाट पाहायचा तर अमेरिकेत वायोमिंगला जावं. तिथल्या जॅक्सन गावाच्या चौकाला एल्क हरणाच्या शिंगांच्या कमानी आहेत, पहिली 1953 साली उभी राहिली. गावाला लागूनच नॅशनल एल्क रेफ्यूज हे हरणांचं हिवाळी आश्रयस्थान आहे. हजारो एल्क बर्फाचे महिने तिथं काढतात आणि निघून जाताना शिंगं टाकून जातात. ती स्काउटची पोरं गोळा करतात, मे महिन्यात चौकात लिलाव होतो, आणि पैशांचा मोठा वाटा त्या आश्रयस्थानालाच परत जातो. एल्कचं शिंग वाढीच्या भरात दिवसाला इंचभर वाढतं. त्याची जोडी उचलायला दोन्ही हात लागतात. बाहेरच्या सरकारी रानात मात्र वायोमिंगच्या पश्चिम भागात 1 जानेवारीपासून 30 एप्रिलपर्यंत शिंगं वेचायला बंदी. 1 मे उजाडला की गाड्यांच्या रांगा लागतात, माणसं घोड्यांवरून निघतात, आमच्याकडं लोणावळ्याच्या भुशी धरणाला जुलैतल्या रविवारी होते तशी झुंबड उडते.

त्या बंदीचं कारण मला पटलं. हिवाळा संपताना हरिण हाडांचा सापळा झालेलं असतं. शिंग शोधणारा माणूस मागं लागला की ते पळतं आणि पळण्यात उरलीसुरली चरबी जळते. काही वाचत नाहीत. आमच्याकडं बर्फ नाही, पण भेकराचाही असाच एक कठीण काळ असतो: मे. गवत जळलेलं, झरे आटलेले, वणव्यानं एखाद-दुसरी घळ काळी केलेली, आणि उरलेल्या ओलीवर आम्ही हौशी माणसं कॅमेरे घेऊन हजर. द्रुतगती मार्ग एका बाजूला, बंगल्यांची कुंपणं दुसऱ्या बाजूला. जाईल कुठं ते? दादांच्या सांगण्यावरून मी आता उन्हं चढल्यावरच जातो. सकाळ-संध्याकाळचं पाणी जनावराचं. आणि कुत्रं बरोबर नेत नाही. वलवणात पाळीव कुत्री रानात फिरायला नेण्याची फॅशन आली आहे, ती मला बिलकुल आवडत नाही.

आपल्याकडं कायदा जॅक्सनपेक्षा कडक आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे वन्यप्राण्याचं शिंग, हाड, दात, नख ही सगळी सरकारी मालमत्ता. ती कुणाच्या ताब्यात आली, मग भले वाटेवर सापडलेली का असेना, तर 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवावं लागतं. मोराच्या गळलेल्या पिसाला मुभा आहे, सांबराच्या गळलेल्या शिंगाला नाही. गावात हे सांगितलं की लोक वैतागतात. 'जनावरानं टाकलं, सायाळीनं खाल्लं तर चालतं, आणि आम्ही उचललं तर गुन्हा?' चावडीवर हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकलाय आणि एकेकाळी मीही तो करायचो.

पण सापडलेलं शिंग शिंगाच्या रूपात राहत नाही. त्याच्या सुरीच्या मुठी होतात, कोटाची बटणं होतात, भस्म होतं. बुडाचं ते दाणेदार कडं आणि फुगीर पांढरा भाग, ज्यावरून गळलेलं आणि कापलेलं ओळखायचं, तेच करवतीखाली आधी जातं. मग मूठ हातात घेऊन हे सांबर मेलं होतं की चालत निघून गेलं होतं, हे सांगणारा तज्ज्ञ कुठून आणणार? वेचलेल्या शिंगाला बाजार मिळाला की मारलेलं शिंग त्याच पोत्यातून विकलं जातं. लोणावळा-खंडाळ्याच्या जुन्या बंगल्यांत भिंतीवर जी मुंडकी टांगलेली असत, ती काही कुणी जंगलातून वेचून आणली नव्हती. ज्यांच्याकडं तशा वस्तू वारशानं आल्या, त्यांनाही त्यांची नोंद आणि मालकीचा दाखला लागतो; माळ्यावर आहे म्हणून ते आपलं होत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: कायदा बरोबर आहे आणि आजीचा बटवा त्यात बसत नाही. आजीवर खटला भरायची माझी इच्छा नाही. तिच्या काळी घाटाखालून तांदळाच्या मोबदल्यात येणारा बोटभर तुकडा एका घराला दोन पिढ्या पुरत होता. ती गरज होती, आणि गरजेला मर्यादा होती. आज त्याच तुकड्याला मोबाइलवर गिऱ्हाईक आहे आणि त्या गिऱ्हाइकाला मर्यादा नाही. बटव्यातल्या त्या तुकड्याचं काय झालं म्हणाल, तर आजीनंतर घर आवरताना तो कुठं गेला कुणालाच कळलं नाही. बरं झालं. सांभाळत बसावं लागलं असतं.

दादा अजून येतात. शिंग दिसलं की थांबतात, मी पोचेपर्यंत बोलत नाहीत. एखाद्या उन्हाळ्यात काहीच दिसत नाही, आणि त्याचं दुःख फार करू नये असं माझं म्हणणं आहे, कारण सायाळ आपल्या आधी पोचली असेल तर तो तिचा हक्क. गेल्या उन्हाळ्यात मला शिंग मिळालं नाही, पण घळीच्या वर एक नर भेकर समोरून गेला. उघडे खुंट, शेंड्यावर ताजी खपली. म्हणजे शिंगं तिथंच कुठंतरी शंभर पावलांत पडली होती. शोधायला पुढं गेलो असतो तर तो पाणी न पिताच उलटला असता. आम्ही मागं फिरलो.

तुम्हालाही चैत्र-वैशाखात या बाजूला यायचं असेल तर जरूर या. पाण्याच्या जागेपासून लांब राहा, काडेपेटी घरी ठेवा. शिंग दिसलं तर बोट किंवा वीत शेजारी धरून फोटो काढा, जागा मात्र समाजमाध्यमांवर टाकू नका. आणि कुणी शिंग विकत देऊ केलं, किंवा रानात फास, जाळं, पेटवलेलं गवत दिसलं, तर वनखात्याचा 1926 हा नंबर फिरवा. तो मोफत आहे.